साडेतीन टनांची रेघ

परदेशात मोटरहोम, म्हणजे चाकांवरचं घर, भाड्याने घ्यायची म्हटलं की पहिला प्रश्न येतो, ‘आपलं लायसन्स चालेल का?’ युरोपात बहुतेक ठिकाणी उत्तर एकच मिळतं: चालेल, पण साडेतीन टनांपर्यंत. ही रेघ मोटरहोमसाठी आखलेलीच नव्हती, ती आजच्या मोटरहोमपेक्षा म्हातारी आहे.

एका देशाचा मोटारचालक दुसऱ्या देशात गाडी कशी चालवणार, यावर पहिला आंतरराष्ट्रीय करार १९०९ मध्ये पॅरिसला झाला. तिथेच १९२६ मध्ये दुसरा झाला आणि त्याच्या परमिटमध्ये, म्हणजे परदेशात गाडी चालवायच्या परवान्यात, ३,५०० किलोची सीमा आली: त्याच्या आतल्या गाड्या एका वर्गात, वरच्या दुसऱ्या. तेव्हाचा हिशेब सरळ होता, एकीकडे मोटार आणि दुसरीकडे ट्रक. गाडीत पलंग, शेगडी आणि संडास घेऊन हिंडणारं कुटुंब त्यात कुठे बसतं, हा प्रश्न फारसा कुणाला पडण्याचं कारण नव्हतं. वेस्टफालिया या जर्मन कंपनीने फोक्सवॅगनच्या व्हॅनमध्ये कॅम्पिंगचं सामान बसवायला सुरुवात केली तीच १९५१ मध्ये.

भारत ज्यात आहे तो जिनिव्हाचा करार १९४९चा. त्यातला ‘बी’ हा मोटारींचा वर्ग बारकाईने वाचला तर गंमत दिसते. प्रवासी गाडीला चालक सोडून आठ आसनांची अट आहे, वजनाची नाही. ३,५०० किलोची मर्यादा मालवाहू गाडीला आहे. मग मोटरहोम कशात मोडते? १९६८च्या व्हिएन्ना कराराने हा घोळ मिटवला आणि ‘बी’साठी आसनं आणि वजन दोन्ही अटी एकत्र घातल्या. भाड्याच्या काउंटरवरचा माणूस अर्थातच करार वाचत बसत नाही, तो गाडीच्या कागदावरचं कमाल वजन बघतो.

आपली अडचण इथेच सुरू होते. आपल्या लायसन्सच्या स्मार्ट कार्डावर ‘एलएमव्ही’, म्हणजे हलकं मोटार वाहन, असतं आणि १९८८च्या मोटार वाहन कायद्यात त्याची हद्द ७,५०० किलोपर्यंत जाते. म्हणजे टाटा ४०७ सुद्धा त्यातच. पण आरटीओतून मिळणाऱ्या आंतरराष्ट्रीय परमिटच्या पुस्तिकेत शिक्का पडतो तो ‘बी’समोर. घरी साडेसात टनांचा माणूस विमानातून उतरताना साडेतीन टनांचा होतो! हे परमिट फार तर वर्षभर चालतं आणि मूळ लायसन्सचं ते फक्त भाषांतर असल्यामुळे मूळ कार्ड सोबत लागतंच. पूर्वी त्याचा कागद, आकार आणि रंग राज्याराज्यांत वेगळा असायचा. ऑगस्ट २०२२च्या अधिसूचनेने देशभर एकच नमुना आला, क्यूआर कोडसकट.

अशी आक्रसलेली लायसन्सं फक्त आपलीच नाहीत. जर्मनीत १९९८ अखेरपर्यंत मोटारीच्या लायसन्सवर साडेसात टनांपर्यंतची गाडी चालवता येई, ब्रिटनमध्ये १९९६ अखेरपर्यंत. युरोपचे नियम एकसारखे करताना ती सवलत नव्या चालकांसाठी संपली, जुन्यांची राहिली. म्हणून तिथे आजोबा मोठी मोटरहोम बिनदिक्कत चालवतात आणि नातवाला साडेतीन टनांवरच्या गाड्यांसाठी ‘सी१’ची परीक्षा द्यावी लागते. जपानमध्येही २००७ आणि २०१७ मध्ये साध्या लायसन्सची वजनमर्यादा दोनदा खाली आली.

दक्षिणेकडे मात्र हात सैल आहे. साध्या मोटारीच्या लायसन्सवर ऑस्ट्रेलियात ४,५०० किलोपर्यंत आणि न्यूझीलंडमध्ये ६,००० किलोपर्यंतची गाडी चालते, त्यामुळे तिथे सहा जणांची मोटरहोम घेताना हा वजनाचा प्रश्न सहसा येतच नाही. वयाची आणि लायसन्स किती जुनं हवं याची अट कंपनी घालते ती वेगळी.

युरोपियन युनियनने २०२५ मध्ये लायसन्सचे नवे नियम मंजूर केले. त्यांत प्रशिक्षण किंवा चाचणीनंतर ‘बी’वर ४,२५० किलोपर्यंतची मोटरहोम चालवण्याची मुभा आहे, पण सदस्य देशांचे कायदे बदलायला काही वर्षं जातील.

तोवर कारखाने गाड्या ३,५०० किलोत बसवतात. त्यातल्या बऱ्याचशा रिकाम्याच तीन टनांच्या आसपास भरतात. उरलेल्या पाचशे किलोंत चार-पाच माणसं, त्यांच्या बॅगा, सायकली आणि किराणा बसवायचा. टाकीत शंभर लिटर पाणी भरलं की त्याचेच शंभर किलो. म्हणून जाणते लोक टाकी निघताना नाही, मुक्कामाला पोचल्यावर भरतात.