सुरुवातीचा मोतीबिंदू रुग्णाला सांगावा का? वादामागची पार्श्वभूमी

ठाण्यात राममारुती रोडवर किंवा वाशीत चष्म्याच्या दुकानात पासष्टीच्या माणसाचा नंबर काढताना रेटिनोस्कोपच्या (डोळ्यात उजेड टाकून नंबर काढायच्या उपकरणाच्या) लाल चकाकीत कडेकडून आत येणारे काळसर आरे, म्हणजे सुरुवातीचा मोतीबिंदू, दिसतात. चष्मा लावून नजर ६/९, म्हणजे निरोगी डोळा नऊ मीटरवरून वाचेल ते अक्षर हा सहा मीटरवरून वाचतो. तक्रार एवढीच, की रात्री घोडबंदर रोडला समोरच्या गाड्यांचे दिवे फार पसरतात. अशा वेळी तपासणाऱ्यांच्या तीन सवयी दिसतात. कोणी काहीच बोलत नाही, नवा नंबर लिहून देतो. कोणी "थोडा कच्चा आहे, पिकला की बघू" म्हणतो. कोणी त्याच दिवशी ऑपरेशनच्या पॅकेजचा कागद पुढे करतो. या तिन्ही सवयी वेगवेगळ्या काळात पडल्या आणि आज एकाच रस्त्यावर शेजारी शेजारी नांदताहेत. वाद आहे तो त्यातून.

"पिकू द्या" हा सल्ला अडाणीपणाचा नव्हता. त्या त्या काळच्या शस्त्रक्रियेला तो धरून होता. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात लिंगनाशावर (मोतीबिंदूवर) शलाकेने करायची क्रिया सांगितली आहे. गढूळ भिंग सुईने डोळ्यातच खाली ढकलायची ही पद्धत फिरते वैद्य विसाव्या शतकापर्यंत वापरत होते. भिंग बाहेर काढायची पद्धत फ्रान्सच्या जाक दाव्हिएल यांनी १७४७ च्या सुमारास सुरू केली. भिंगाचं कवच उघडून आतला गाभा काढायचा, गर धुऊन काढायचा. कच्च्या भिंगातला हा गर चिकट असतो. तो मागे राहिला की फुगतो, डोळ्याला सूज येते आणि नंतर बाहुलीमागे पुन्हा पडदा धरतो. पूर्ण पिकलेल्या भिंगातला गर मात्र सुटा होऊन निघतो. म्हणजे थांबण्यात रुग्णाचाच फायदा होता.

पुढे कवचासकट अख्खं भिंग काढायची पद्धत आली. १९६१ मध्ये पोलंडच्या क्राव्हाविच यांनी भिंग थंड टोकाला गोठवून ओढायचं तंत्र दिलं आणि गर मागे राहण्याची भीती संपली. थांबायचं कारण मात्र संपलं नाही, कारण आता अडचण चष्म्याची होती. भिंग गेलेल्या डोळ्याला साधारण +१० चा जाड चष्मा लागे. त्यातून वस्तू २५ ते ३० टक्के मोठ्या आणि म्हणून जवळ दिसत. चहाचा कप हातात येण्याआधीच बोटं मिटत, जिन्याची पायरी चुके, आणि भिंगाच्या कडेला नजरेत एक आंधळं कडं राही, त्यातून माणूस अचानक समोर उपटल्यासारखा वाटे. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि दुसरा बरा असला, तर दोन आकारांची चित्रं मेंदूत एक होत नसत. त्यामुळे दोन्ही डोळे पुरेसे अधू होईपर्यंत थांबणं शहाणपणाचंच होतं. अशा वेळी ६/९ नजरेच्या माणसाला "तुम्हाला मोतीबिंदू आहे" असं सांगणं म्हणजे उपाय हाती नसताना पाच-दहा वर्षांची चिंता देणं. न सांगण्याची सवय इथली आहे.

सरकारी यंत्रणेनेही तेच धरलं. राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम १९७६ मध्ये सुरू झाला. नावातच अंधत्व, मोजमाप ६/६० च्या खालच्या नजरेचं, गावोगावच्या नोंदवह्या अंध व्यक्तींच्या. रोज आकडे ओळखत कामावर जाणारा, पण संध्याकाळी अडखळणारा माणूस त्या वहीत कुठे बसणार? कार्यक्रमाला दोष देण्यात अर्थ नाही. रांगेत आंधळे झालेले लोक आधी होते.

बदल झाला तो कृत्रिम भिंगाने. हॅरोल्ड रिडली यांनी लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलमध्ये २९ नोव्हेंबर १९४९ रोजी पहिलं भिंग बसवलं. १९६७ मध्ये चार्ल्स केलमन यांनी अल्ट्रासाउंडच्या कंपनाने गाभा फोडून शोषून घ्यायचं, म्हणजे फेकोचं तंत्र आणलं. ऐंशीच्या दशकात घडी होणारी भिंगं आली. १०-१२ मिलिमीटरचा छेद आणि टाके जाऊन दोन-तीन मिलिमीटरचं छिद्र राहिलं. भारतात खरी अडचण किमतीची होती. १९९२ मध्ये मदुराईला ऑरोलॅबने स्वस्त भिंगं बनवायला घेतली, आणि १९९४ ते २००२ या काळात जागतिक बँकेच्या मदतीने सात राज्यांत मोतीबिंदू प्रकल्प राबवला गेला. त्यात महाराष्ट्र होता. तंबूतल्या शिबिरातलं ऑपरेशन मागे पडून रुग्णाला मुख्य रुग्णालयात आणून भिंग बसवायची पद्धत याच सुमारास रुळली.

इथे "पिकू द्या"चं गणित उलटलं. फेकोसाठी मऊ गाभा सोपा. तपकिरी, दगडासारखा झालेला गाभा फोडायला जास्त ऊर्जा लागते, तिचा मार बुबुळाच्या आतल्या पेशींना बसतो, आणि त्या पेशी पुन्हा तयार होत नाहीत. अनेकदा मग फेको सोडून सहा-सात मिलिमीटरच्या छेदातून हाताने गाभा काढायचं ऑपरेशन करावं लागतं. फारच थांबलं, तर भिंग पाणी धरून फुगतं आणि डोळ्यातल्या पाण्याची वाट बंद होऊन दाब चढतो. किंवा गर कवचातून पाझरतो आणि तसाच दाब चढतो. डोळा लाल, असह्य ठणका, उलट्या. घरचे पित्त समजून दोन दिवस काढतात, तोवर नजरेची नस गेलेली असते.

निकषही बदलले. अमेरिकेच्या सरकारी मार्गदर्शक सूचनांनी १९९३ मध्ये तक्त्यावरच्या ओळीपेक्षा रोजच्या कामातली अडचण महत्त्वाची मानली. उपचारांच्या मार्गदर्शक सूचना काढणाऱ्या ब्रिटनच्या नाइस संस्थेने २०१७ मध्ये स्पष्टच सांगितलं, की केवळ नजरेच्या आकड्यावरून ऑपरेशन अडवू नका. आमच्या मते वादाचा निकाल इथेच लागतो. ऑपरेशन कधी, हे जर रुग्णाच्या वाचनावर, गाडी चालवण्यावर, स्वयंपाकावर ठरणार असेल, तर आपल्या अडचणीचं कारण काय, हे त्याला आधी ठाऊक हवं.

दुसरी बाजू कायद्याची आणि रिवाजाची. १९६१ च्या एका अमेरिकन पाहणीत सुमारे ९० टक्के डॉक्टरांनी कर्करोगाचं निदान रुग्णाला न सांगणं पसंत केलं होतं. १९७९ च्या तशाच पाहणीत ९७ टक्के सांगण्याच्या बाजूचे निघाले. आपल्याकडे भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनी आजाराचं गांभीर्य फुगवूही नये आणि कमीही करू नये, असं म्हटलं. पण माहिती रुग्णाला, नातेवाइकांना किंवा जबाबदार मित्रांना असावी, अशी मोकळी रचना ठेवली. "बाबांना सांगू नका, ते घाबरतील" म्हणत मुलगी डॉक्टरांना बाजूला घेते, ती याच फटीतून. २००८ मध्ये समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सज्ञान रुग्णाऐवजी आईने दिलेली संमती ग्राह्य धरली नाही आणि पुरेशी माहिती देऊनच संमती घ्यावी, असं सांगितलं. तो निकाल शस्त्रक्रियेच्या संमतीपुरता आहे, तपासणीतल्या प्रत्येक शब्दापुरता नाही. पण बाबांचा डोळा बाबांचाच, हे त्यावरून समजावं.

"सुरुवातीचा" म्हणजे नेमका कोणता, हे मात्र आधी पाहायला हवं. सांगण्यातल्या बहुतेक चुका इथे होतात. गाभ्याचा मोतीबिंदू भिंगाची वक्रीभवनशक्ती वाढवतो, म्हणून उणे नंबर चढतो. वर्षभरात -०.५० चा -२.०० होतो आणि वाचायचा चष्मा सुटतो. घरात कौतुक होतं, "आजोबांची नजर सुधारली". अशा माणसाला सहा-सहा महिन्यांनी महागडे प्रोग्रेसिव्ह चष्मे विकत राहणं आणि कारण न सांगणं, ही आमच्या मते सरळ फसवणूक आहे. आऱ्यांचा मोतीबिंदू रात्री दिवे पसरवतो; पामबीच रोडवर रात्री गाडी चालवणाऱ्याला ६/९ मध्येही हे ठाऊक हवं. कवचाच्या मागच्या पृष्ठावरचा मोतीबिंदू मधोमध बसतो, उन्हात बाहुली लहान झाली की जास्त त्रास देतो आणि झपाट्याने वाढतो. तो दिसला की मधुमेह आणि स्टेरॉइड यांची चौकशी झालीच पाहिजे. खाज येते म्हणून मेडिकलमधून स्टेरॉइडचे थेंब आणून वर्षानुवर्षं टाकणारे लोक कमी नाहीत. त्यांना सांगितलं तर ते थेंब थांबू शकतात. उलट तिशीतल्या माणसाच्या भिंगात निळसर ठिपके दिसले, तर ते बहुधा जन्मजात असतात आणि आयुष्यभर जिथल्या तिथे राहतात. त्याला मोतीबिंदू म्हणून घाबरवण्यात हशील नाही.

या प्रकारांची प्रत, म्हणजे मोतीबिंदू किती वाढला आहे, हे आकड्यात मांडण्याची सोय १९९३ पासून आहे: स्लिट लॅम्पखाली (डोळा मोठा करून पाहायच्या सूक्ष्मदर्शकाखाली), बाहुली मोठी करून, प्रमाण छायाचित्रांशी ताडून. बाहुली मोठी करणारे ट्रॉपिकामाइडचे थेंब टाकले की वीस ते तीस मिनिटं बसावं लागतं आणि पुढे चार-सहा तास जवळचं धूसर दिसतं. कोपरखैरणे, नेरूळला सोसायटीच्या हॉलमध्ये रविवारी भरणाऱ्या मोफत नेत्रतपासणी शिबिरात ना स्लिट लॅम्प असतो, ना तेवढा वेळ. तिथे ऑटोरिफ्रॅक्टोमीटरचा (नंबर काढणाऱ्या यंत्राचा) कागद आणि टॉर्च यांवर "मोतीबिंदू आहे, गुरुवारी गाडी येईल" असं ठरतं. यातून "सांगूच नये" म्हणणाऱ्यांना बळ मिळतं, आणि त्यांचा राग अगदीच अनाठायी नाही.

न सांगण्याचं आणखी एक कारण कोणी उघड बोलत नाही: विमा. बहुतेक आरोग्य विमा पॉलिसींत मोतीबिंदूला प्रतीक्षा काळ असतो, सहसा २४ महिने. २०२४ च्या नियमांनुसार तो ३६ महिन्यांच्या पुढे नेता येत नाही. केसपेपरवर निदान लिहिलं, की ते आधीपासूनच्या आजारात धरलं जाईल, म्हणून रुग्णच "लिहू नका" म्हणतो. लिहायलाच हवं. पॉलिसी घेताना ठाऊक असलेली गोष्ट लपवली, तर दावा नाकारायला कारण मिळतं.

सांगताना चार गोष्टी एकत्र यायला हव्यात: भिंगात धूसरपणा सुरू झाला आहे, घाई नाही, थेंबांनी किंवा गोळ्यांनी तो विरघळत नाही (जीवनसत्त्वांच्या मोठ्या मात्रेनेही फरक पडत नाही, हे २००१ च्या मोठ्या अमेरिकन चाचणीत दिसलं), आणि कोणत्या लक्षणाला वेळेआधी यायचं. साधारण बारा महिन्यांनी पुन्हा तपासणी, मधुमेह असेल किंवा मागच्या पृष्ठावरचा प्रकार असेल तर सहा. काचबिंदूशी गल्लत होऊ नये म्हणून डोळ्याचा दाब मोजून तो आकडाही सांगावा. "बिंदू" ऐकून शेजाऱ्याच्या गेलेल्या नजरेची धास्ती घेणारे बरेच असतात.

ऑप्टोमेट्रिस्टचं (नजर तपासून नंबर काढणाऱ्या प्रशिक्षित व्यावसायिकाचं) स्थान २०२१ च्या संलग्न आरोग्य व्यावसायिक कायद्याने मान्य केलं आहे, म्हणजे दुकानातून नेत्रतज्ज्ञांकडे येणाऱ्या चिठ्ठीलाही आता वजन आहे. तिच्यात चष्म्यासह दोन्ही डोळ्यांची नजर, मागच्या वर्षीचा आणि आताचा नंबर, चकाकीत दिसलेल्या सावलीची जागा आणि "बाहुली मोठी करून तपासलेलं नाही" एवढं लिहिलेलं असावं. प्रत आणि ऑपरेशनचा सल्ला हे दोन रकाने नेत्रतज्ज्ञांसाठी मोकळे ठेवावेत.