डब्यातलं दूध, पाकातला अननस: झटपट गोडाधोडाची पार्श्वभूमी

पाकातली फळं, कंडेन्स्ड मिल्क, जेलीचं पाकीट, केक मिक्स, डबाबंद सूप. यांतल्या दोन-तीन गोष्टी एकत्र आल्या की फारशी खटपट न करता गोड किंवा पोटभरीचं काहीतरी ताटात येतं. अशा पदार्थांकडे पाहून नाक मुरडण्याची रीत जुनी आहे. वेळ नाही किंवा येत नाही म्हणून केलेली ती तडजोड, असा समज. मला तो अन्यायाचा वाटतो. डब्यात जाताना दूध, फळं, सूप यांचा गुणधर्मच बदलतो. त्या बदलाचा नेमका उपयोग ज्यांनी करून घेतला, त्यांचे पदार्थ पिढ्यान्‌पिढ्या टिकले आहेत. ताजा जिन्नस वापरून ते तसे होतही नाहीत.

या साऱ्याची सुरुवात एका मिठाईवाल्याने केली. निकोला अपेर पॅरिसमध्ये मिठाईचा धंदा करत असे. साखरेत फळं टिकतात हे त्याला रोजच्या कामातून ठाऊक होतंच, पण साखर महाग आणि तिच्यामुळे फळाची मूळ चव दबते. त्याने फळं, भाज्या, मांस काचेच्या बाटल्यांत भरून, घट्ट बुचं मारून त्या उकळत्या पाण्यात ठेवायला सुरुवात केली. 1810 मध्ये फ्रेंच सरकारने त्याला 12,000 फ्रँक दिले, तेही कृती छापून सर्वांसाठी खुली करायची या अटीवर. अन्न नेमकं का टिकतं हे अपेरला शेवटपर्यंत कळलं नाही. अन्न नासवणारे जंतू उष्णतेने मरतात, हा उलगडा 1860 च्या दशकात लुई पाश्चर या फ्रेंच शास्त्रज्ञाच्या प्रयोगांनी झाला. त्याच 1810 साली लंडनमध्ये पीटर ड्युरंडने पत्र्याच्या डब्याचं पेटंट घेतलं आणि 1813 च्या सुमारास बर्मंडसी भागात ब्रायन डॉंकिनच्या कारखान्यातून सैन्य आणि आरमारासाठी डबे बाहेर पडू लागले. ते इतके जाड होते की उघडायला छिन्नी-हातोडा लागे. डबा उघडायच्या हत्याराचं पेटंट अमेरिकेत एझ्रा वॉर्नरने घेतलं ते थेट 1858 मध्ये.

फळं या सगळ्यात पुढे का राहिली, याचं उत्तर आंबटपणात आहे. पीएच हे आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितका पदार्थ आंबट. पीएच 4.6 च्या खाली असलेल्या पदार्थात बोटुलिझम या जीवघेण्या अन्नविषबाधेचा जंतू वाढू शकत नाही, त्यामुळे बहुतेक फळांना उकळत्या पाण्याची उष्णता पुरते. मांस, मका, दूध यांना दाबाखाली 121 अंश सेल्सिअसच्या आसपासची उष्णता लागते. हे गणित पक्कं होईपर्यंत असे डबे फुगायचे, नासायचे. 1890 च्या दशकात अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रशिक्षण संस्थेत सॅम्युअल प्रेस्कॉट आणि विल्यम अंडरवूड यांनी किती उष्णता किती वेळ द्यायची यावर काम केलं, आणि तिथून डबाबंद अन्नाचा भरवसा वाढला.

दुधाने मात्र वेगळी वाट धरली, आणि गोडाच्या इतिहासातला सगळ्यात मोठा टप्पा तोच आहे असं मी म्हणेन. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर न्यूयॉर्कसारख्या शहरात दूध हा जीवघेणा प्रकार झाला होता. दारूच्या भट्ट्यांमधला गरम चोथा खाऊन जगणाऱ्या आजारी गाईंचं पातळ, निळसर दूध, त्यात पांढरं दिसावं म्हणून खडूची भेसळ, आणि तेच लहान मुलांना. गेल बॉर्डनने 1856 मध्ये दूध आटवण्याचं पेटंट मिळवलं. त्याने निर्वात भांडं वापरलं. हवेचा दाब कमी केला की दूध कमी तापमानाला उकळतं, त्यामुळे पाणी उडून जातं पण दूध करपत नाही. त्यात भरपूर साखर घातली की जंतूंना वाढायला लागणारं मोकळं पाणीच उरत नाही. आजही कंडेन्स्ड मिल्कमध्ये सुमारे 45 टक्के साखर असते. ती गोडीइतकीच टिकण्यासाठी आहे. अमेरिकन यादवी युद्धात उत्तरेच्या सैन्याने हे डबे मोठ्या प्रमाणावर घेतले आणि सैनिक ही चव घेऊन घरी परतले.

पुढे याच डब्यातून निरनिराळ्या ठिकाणी अगदी वेगळे पदार्थ निघाले. फ्लोरिडाच्या दक्षिण टोकाला समुद्रात पसरलेल्या की बेटांवर ताजं दूध आणि बर्फ दोन्ही दुर्मिळ होतं. मोटारीने तिथे सलग जाता येईल असा रस्ता 1938 मध्ये झाला. तिथली की लाइम पाय (पाय म्हणजे कणकेच्या किंवा बिस्किटाच्या कवचात सारण भरलेला पदार्थ) ही अंड्याचा बलक, कंडेन्स्ड मिल्क आणि तिथल्या छोट्या लिंबांचा रस एवढ्यावर उभी आहे. रस ओतून ढवळायला लागलं की चमच्याला जाणवेल इतक्या झपाट्याने मिश्रण जड होतं, त्याच्यावर वळ्या पडायला लागतात, आणि आच लावायच्या आधीच ते थापता येईल इतकं घट्ट होतं. आम्लामुळे दुधातली प्रथिनं एकमेकांना धरतात. ताज्या दुधात हेच केलं तर दूध फाटून पाणी वेगळं होईल. आटवलेल्या दुधात प्रथिनं दाट आणि मोकळं पाणी थोडं, म्हणून ते फाटण्याऐवजी मऊसर जमतं.

ब्राझीलमध्ये ब्रिगादेरो हे कोकोचे लाडू कंडेन्स्ड मिल्क, कोको आणि लोणी एकत्र आटवून करतात. 1945 च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत एदुआर्दो गोमेस या हवाई दलातल्या अधिकाऱ्याच्या प्रचाराशी त्यांचा संबंध जोडला जातो. आज तिथे मुलांचा वाढदिवस त्यांच्याशिवाय होत नाही. इंग्लंडमध्ये ईस्ट ससेक्समधल्या एका रेस्टॉरंटात 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला बॅनॉफी पाय जन्मली, ती बंद डबाच पाण्यात तासन्‌तास उकळून. आत साखर आणि प्रथिनं उष्णतेने एकमेकांशी जुळतात आणि तपकिरी, दाट टॉफी तयार होते. यात धोका खरा आहे. पाणी आटून डबा उघडा पडला तर तो फुटू शकतो, म्हणून आता दूध डब्यातून काढून वेगळ्या भांड्यात आटवणंच योग्य. साखर न घातलेलं इव्हॅपोरेटेड मिल्क नंतरचं. जॉन मेयेनबर्गचं पेटंट 1884 चं. लॅटिन अमेरिकेतल्या त्रेस लेचेस केकमध्ये ही दोन्ही दुधं आणि वर साय असा थाट असतो.

जेलीची कथा पाकिटाची आहे. पूर्वी जेली म्हणजे खूर आणि हाडं तासन्‌तास उकळून, गाळून, साका निवळून करायचा पदार्थ. ज्यांच्या घरी नोकरचाकर त्यांचाच तो. पीटर कूपरने 1845 मध्ये कोरड्या जिलेटिनचं पेटंट घेतलं, पण त्याला ते विकता आलं नाही. 1897 मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या लरॉय गावी पर्ल वेटने त्यात रंग, साखर आणि फळांचा स्वाद घालून जेल-ओ बनवलं. त्यालाही ते जमलं नाही आणि दोन वर्षांनी त्याने सगळे हक्क 450 डॉलरला ऑरेटर वुडवर्डला विकून टाकले. वुडवर्डच्या कंपनीने पाककृतींच्या पुस्तिका फुकट वाटल्या, आणि वस्तू विकायची तर आधी तिचं काय करायचं हे शिकवा, ही रीत तिथून रुजली. डब्याच्या मागे छापलेली कृती हे त्याचंच पुढचं रूप.

जेलीत अननस घालायचा असेल तर तो डब्यातलाच हवा. ताज्या अननसात ब्रोमेलेन नावाचं विकर (एन्झाइम) असतं, ते जिलेटिनची प्रथिनं तोडून टाकतं आणि जेली रात्रभर फ्रीजमध्ये ठेवली तरी पातळच राहते. डबाबंद करताना फळ तापवलं जातं, विकर नष्ट होतं आणि जेली व्यवस्थित बसते. इथे डबा हा ताज्याला पर्याय म्हणून येत नाही, त्याच्याशिवाय पदार्थ होतच नाही.

हा अननस घरोघरी पोचला तो हवाई बेटांमुळे. जेम्स डोलने तिथे 1901 मध्ये कंपनी काढली, आणि 1911 च्या सुमारास हेन्री जिनाका या त्याच्या अभियंत्याने अननस सोलून, मधला दांडा काढून सरळ गोल लांबुळका भाग बाहेर देणारं यंत्र तयार केलं. आपण डब्यातून काढतो ती भोकाची, एकसारखी चकती या यंत्राची देणगी आहे. तव्यात तळाशी फळं लावून वर केकचं पीठ ओतायची पद्धत आधीपासून होती, सफरचंद किंवा चेरी घालून. चकत्या आल्यावर तळाशी लोणी आणि साखर, त्यावर रांगेत चकत्या, प्रत्येक भोकात एक लाल चेरी असं रूप ठरून गेलं. 1925 मध्ये डोलच्या कंपनीने अननसाच्या पाककृतींची स्पर्धा ठेवली. हजारो कृती आल्या, आणि त्यांतल्या सुमारे 2,500 याच उलट्या केकच्या होत्या, असं सांगतात. म्हणजे कंपनीने सांगण्याआधीच घराघरांत तो केक होत होता. या इतिहासात बायकांनी कंपनीकडून शिकलं तसं कंपन्यांनीही बायकांकडून उचललं, आणि हे दुसरं फार कमी वेळा लिहिलं जातं.

सुपाच्या बाबतीत नावानिशी श्रेय मिळालेली एक बाई आहे, याचा मला विशेष आनंद वाटतो. जॉन डोरन्स या रसायनशास्त्रज्ञाने 1897 मध्ये कॅम्पबेल या अमेरिकन सूप कंपनीसाठी पाणी काढून घट्ट केलेलं सूप तयार केलं. डबा लहान झाला, वाहतूक स्वस्त झाली, किंमत 10 सेंटवर आली. घट्टपणामुळेच ते पाणी न घालता सॉस म्हणून वापरता येऊ लागलं. 1955 मध्ये कॅम्पबेलच्या कॅम्डनमधल्या प्रयोगशाळावजा स्वयंपाकघरात डॉर्कस रायलीने फरसबीचा कॅसरोल, म्हणजे एकाच भांड्यात भाजून करायचा पदार्थ, बसवला: फरसबी, मशरूम सूप, दूध, सोया सॉस, मिरपूड आणि वर तळलेला कांदा. अमेरिकन घरात जे नेहमी असतंच तेवढ्यावर भागवायचं, हा तिचा निकष. 2002 मध्ये तिने हाताने लिहिलेलं मूळ कार्ड अमेरिकेतल्या नॅशनल इन्व्हेंटर्स हॉल ऑफ फेम या संशोधकांचा गौरव करणाऱ्या संस्थेला देण्यात आलं. त्याआधी, 1930 च्या दशकातल्या मंदीच्या काळात, टोमॅटो सूप घालून मसाल्याचा केक करायचे लोक. ऐकायला विचित्र, पण सूप आंबट असल्याने खायच्या सोड्याशी मिळून केक फुलवतं, आणि दालचिनी-लवंगेखाली टोमॅटो ओळखूही येत नाही.

केक मिक्सबद्दल एक लोकप्रिय गोष्ट सगळीकडे सांगितली जाते. पूर्वी फक्त पाणी घालायचं असे, बायकांना अपराधी वाटे, मग 1950 च्या दशकात मानसशास्त्रज्ञांच्या सल्ल्याने अंडं फोडायचं काम त्यांच्यासाठी राखून ठेवलं आणि विक्री वाढली. कालक्रम पाहिला तर ही गोष्ट टिकत नाही. पिट्सबर्गच्या डफ कंपनीने काकवी सुकवून केलेल्या मिक्सचं पेटंट 1933 मध्ये मिळवलं, आणि 1935 च्या पुढच्या पेटंटातच ताजी अंडी घरी घालायची सोय होती. अंड्याची भुकटी घातलेल्या केकपेक्षा ताज्या अंड्याचा केक चवीला आणि फुगायला सरस होतो, हे साधं कारण मला जास्त पटतं. जनरल मिल्स आणि पिल्सबरीसारख्या पिठाच्या मोठ्या कंपन्या या धंद्यात उतरल्या त्या 1940 च्या दशकाच्या शेवटी. मग मिक्सच एक जिन्नस झालं. डंप केकमध्ये पाकातली फळं ट्रेमध्ये ओततात, वर कोरडं मिक्स पसरतात, त्यावर लोण्याचे तुकडे, आणि ढवळत नाहीत. खालून रस वर चढतो, वरून लोणी खाली झिरपतं, आणि मधे केक, वर खुसखुशीत थर होतो.

या कृतींचं माप 'एक डबा' किंवा 'एक पाकीट' असतं, आणि तिथेच अलीकडे एक अडचण उभी राहिली आहे. अमेरिकन केक मिक्सचं पाकीट अनेक वर्षं 18.25 औंस, म्हणजे सुमारे 517 ग्रॅम होतं; ते 15.25 औंसांवर, सुमारे 432 ग्रॅमवर आलं. आजीच्या वहीतला 'एक पाकीट मिक्स, एक डबा फळं' हा हिशेब मग चुकतो आणि केक ओला राहतो. जुनी कृती हाताशी असेल तर ती साधारण कोणत्या काळातली ते पाहावं, हातातल्या पाकिटाचं वजन वाचावं, आणि जेवढं कमी भरेल तेवढं मिक्स दुसऱ्या पाकिटातून काढून घालावं.