मधुमेहींमधील रक्तदाब-नियंत्रण : सोलापूरच्या संदर्भात

मधुमेह आणि उच्च रक्तदाब एकाच रुग्णात फार वेळा आढळतात. मूत्रपिंड, डोळ्यांचा पडदा, हृदय आणि मेंदूच्या रक्तवाहिन्या यांची हानी दोन्ही मिळून झपाट्याने करतात. तरीही तपासणीत सगळे लक्ष साखरेच्या रिपोर्टकडे जाते आणि दाबाचा आकडा केसपेपरवर लिहून तसाच राहतो. औषधे जुनी, पारखलेली आणि बरीचशी स्वस्त आहेत. उणीव मुख्यतः ती वेळेवर वाढवण्यात आहे.

दाब उतरवण्याचे महत्त्व ब्रिटनमधील यूकेपीडीएस अभ्यासाने १९९८ मध्ये स्पष्ट केले. उच्च रक्तदाब असलेल्या १,१४८ मधुमेहींपैकी एका गटाचा दाब सरासरी १४४/८२ आणि दुसऱ्याचा १५४/८७ राहिला. एवढ्या फरकाने पहिल्या गटात पक्षाघात ४४ टक्क्यांनी आणि मधुमेहाशी संबंधित मृत्यू ३२ टक्क्यांनी घटले. आज बहुतेक मधुमेहींसाठी १३०/८० च्या खालचे लक्ष्य धरतात. वरचा दाब १२० च्या खाली नेल्याने आणखी लाभ होतो का, यावर २०१० च्या अकॉर्ड अभ्यासाचे उत्तर संदिग्ध होते. चीनमधील बीप्रोड अभ्यासाने २०२४ मध्ये ते होकारार्थी दिले. पण तोल जाणाऱ्या वृद्धांना सरसकट हे माप लावता येत नाही.

दाब लक्ष्यापेक्षा जास्त असूनही उपचार न बदलणे याला वैद्यकात ‘उपचारातील जडत्व’ म्हणतात. २००१ पासून या प्रश्नाची या नावाने चर्चा होऊ लागली. याचा दोष आळसावर टाकणे अन्यायाचे ठरेल. एकच वाढलेला आकडा खरा मानावा का, ही डॉक्टरची शंका रास्त असते. बाहेर रांग असते, जुना केसपेपर घरी राहिलेला असतो, आणि रुग्ण सांगतो, ‘मला काही त्रास नाही, उगाच गोळी वाढवू नका.’ मग ‘पुढच्या वेळी बघू’ असे ठरते आणि तीच गोळी पुन्हा लिहिली जाते. असे वर्षभर चालले, तर मूत्रपिंडाचे नुकसान काही न दुखता होत राहते.

सोलापुरात वाढलेल्या आकड्याविषयीच्या या शंकेमागचे एक साधे कारण हमखास विचारून पाहावे. उपाशीपोटी साखर तपासायला आलेला रुग्ण सकाळची बीपीची गोळीही चुकवून आलेला असतो. मधुमेहाच्या गोळ्या आणि इन्सुलिन यांचे नियम वेगळे. बीपीची गोळी मात्र सहसा घोटभर पाण्याबरोबर घेता येते, हे आधीच सांगून ठेवायला हवे. शहरात मराठीबरोबर तेलुगू, कन्नड आणि उर्दू बोलली जाते. यंत्रमाग कामगार किंवा विडी वळणारी बाई ‘गोळी घेतली’ म्हणते तेव्हा कोणती आणि कधी, हे तिच्या भाषेत विचारले तरच खरे उत्तर मिळते.

मोजणीलाही शिस्त लागते. पाच मिनिटे शांत बसवून, पाठ टेकवून, दंड हृदयाच्या पातळीवर ठेवून, दंडाच्या घेराला साजेशा पट्ट्याने दाब दोनदा मोजावा. मधुमेहाने नसा दुबळ्या झालेल्या रुग्णाचा दाब उभे राहताच कोसळू शकतो, म्हणून उभ्यानेही मोजावा. वरचा दाब २० ने उतरला, तर डोस वाढवण्याआधी विचार करावा. उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो आणि मागाच्या शेडमध्ये घाम निथळतो. लघवी वाढवणारी गोळी चालू असलेल्यांबाबत ही काळजी दुप्पट महत्त्वाची.

लघवीतून अल्ब्युमिन हे प्रथिन जात असेल, तर टेल्मिसार्टन किंवा रॅमिप्रिल यांच्या गटातील एकच औषध निवडतात; दोन्ही एकत्र देत नाहीत. ते सुरू केल्यावर काही आठवड्यांत रक्तातील क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारा आकडा) आणि पोटॅशियम पाहावे लागते. गरोदरपणात हे गट वर्ज्य आहेत. अम्लोडिपिन आणि क्लोरथॅलिडोन ही पुढची जोड. अनेकांना दोन-तीन औषधे लागतातच. हे पहिल्याच भेटीत सांगितले, तर दुसरी गोळी आली म्हणून रुग्ण घाबरत नाही. जेवणातल्या मिठाबद्दल नुसते ‘कमी खा’ म्हणून भागत नाही. भाकरीबरोबरची शेंगा चटणी, लोणचे, पापड आणि खारवलेली मिरची यांची नावे घेऊन बोलावे लागते.

व्यवस्थेच्या पातळीवर २०१७ मध्ये सुरू झालेल्या भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमाने वाट दाखवली. ठरलेली औषधे, डोस वाढवण्याच्या ठरलेल्या पायऱ्या, अखंड पुरवठा आणि प्रत्येक रुग्णाची नोंद, एवढ्यावर तो उभा आहे. महाराष्ट्र त्यात सुरुवातीपासून सहभागी झाला. सोलापुरात १९६३ पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे. शिकाऊ डॉक्टरांना पायऱ्यांच्या या पद्धतीची सवय तिथेच लागू शकते, आणि खाजगी दवाखान्यांनाही ती सहज पेलणारी आहे. आपल्याच मधुमेहींपैकी किती जणांचा दाब लक्ष्याखाली आहे, हे डॉक्टरने दर तिमाहीस मोजावे. केसपेपरवर दाबाशेजारी एक रकाना वाढवून त्यात डोस बदलला की नाही, आणि नसेल तर कारण, लिहावे. ‘रुग्णाने गोळी चुकवली’ हे कारण लिहिले, की पुढच्या तपासणीची तारीख महिन्याच्या आतली द्यावी.