मुंबईच्या पत्र्याखाली लोकर

‘लोकर गरम असते, मग मुंबईत छताला लावून घराची भट्टी करायची का?’ हा प्रश्न हमखास येतो. लोकर मुळात गरम नसते. तिच्या कुरळ्या तंतूंत हवा अडकून पडते आणि अडकलेली हवा उष्णतेला सहज वाट देत नाही; मग ती उष्णता अंगातून बाहेर जाणारी असो वा तापलेल्या पत्र्यातून आत येणारी. ५० मिलिमीटर लोकरीचा थर जवळजवळ दोन मीटर जाड काँक्रीटइतकी उष्णता अडवतो. १०० चौरस फुटांना साधारण साडेनऊ किलो पुरते. काचेच्या तंतूंची ग्लासवूलही एवढंच करते.

लोकर वेगळी ठरते ती बाष्पाच्या बाबतीत. तंतूच्या खवल्यांवर स्निग्ध आम्लांचा थर असतो, म्हणून पाण्याचा थेंब घरंगळतो. बाष्पाचे सुटे रेणू मात्र आत शिरतात आणि केराटिन या प्रथिनाच्या साखळ्यांना हायड्रोजन बंधांनी चिकटतात. ६५ टक्के आर्द्रतेला कोरड्या वजनाच्या सुमारे १६ टक्के, तर बाष्पाने पूर्ण भरलेल्या (संपृक्त) हवेत ३० टक्क्यांहून अधिक पाणी लोकर धरते. बाष्प बांधलं जाताना दर ग्रॅममागे अडीच किलोज्यूलच्या आसपास उष्णता सुटते, सुकताना तेवढीच परत घेतली जाते. लोकर ‘नकारात्मक ऊर्जा’ शोषते असं कुणी सांगितलं तर खुशाल दुर्लक्ष करा. ती शोषते ते बाष्प, आणि तेही काठोकाठ भरेपर्यंतच. चार महिन्यांचा पावसाळा ती पोटात घेऊ शकत नाही.

म्हणूनच छताच्या थरांची युरोपातली मांडणी इथे उलटी करावी लागते. तिथे हिवाळ्यात बाष्प खोलीतून बाहेर जातं, त्यामुळे बाष्परोधक पडदा खोलीच्या बाजूला असतो. मुंबईत जुलैत हवेचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला बाष्पाचं पाणी होऊ लागतं तो, २५ अंशांच्या आसपास असतो आणि एसीची खोली त्याहून थंड. बाष्प बाहेरून आत येतं. तेव्हा पत्र्याखाली २५ मिलिमीटर हवेशीर पोकळी, मग चकाकती बाजू वर करून अॅल्युमिनियम फॉइल, सांध्यांना टेप, त्याखाली लोकर आणि शेवटी जिप्सम बोर्ड. बोर्डाला ऑइल पेंट नको, नाहीतर आत शिरलेली ओल खोलीकडे सुकत नाही. पोकळीच्या तोंडांना उंदरांसाठी बारीक जाळी हवीच.

घोंगडीची जाडीभरडी दख्खनी लोकरही चालते. कोमट साबणपाण्यात न चोळता धुवायची. चोळली की खवले एकमेकांत अडकून नमदा, म्हणजे घट्ट दाबलेला थर, होतो आणि हवेला जागाच उरत नाही. मग पिंजून, न दाबता पसरायची.

खरा शत्रू कसर, म्हणजे लोकरीचे कपडे कुरतडणारी कीड. तिच्या अळीच्या आतड्यात केराटिनचे गंधक-बंध तुटतात, म्हणून तिला लोकर पचते. डांबरगोळ्या उडून जातात. बोरॅक्स (टाकणखार) आणि बोरिक आम्लाची प्रक्रिया टिकते. पण बोरॅक्स पाण्यात विरघळतो. पत्रा गळला की तेवढ्या भागातलं संरक्षण धुऊन जातं, आणि तिथली लोकर नुसती सुकवून भागत नाही, बदलावी लागते.