पुणे–महाबळेश्वर एका दिवसात : पसरणीसाठी पाय राखून ठेवा

आमच्याकडून सायकल आणि सोबतची गाडी घेऊन महाबळेश्वरला निघणाऱ्यांसाठी ही माहिती आहे. निघण्याआधी वाचा आणि घरच्यांनाही वाचायला द्या, म्हणजे दुपारी एकपर्यंत फोन आला नाही तर कोणी घाबरणार नाही.

अंतर सुमारे १२० किलोमीटर. वाटेत तीन घाट लागतात : कात्रज, खंबाटकी आणि पसरणी. पहिले दोन बहुतेकांना जमतात, आणि घोळ तिथेच होतो. कात्रजला पहाटेचा गारवा असतो, पाय ताजे असतात, चौघे सोबत असले की नकळत शर्यत लागते. पुढे शिरवळपर्यंत रस्ता पळवतो. खंबाटकीत पुढच्याला गाठायचे असते. त्याची वसुली वाईनंतर होते. आमच्या गाडीत बसून महाबळेश्वरला पोचणाऱ्यांची चूक पसरणीत क्वचितच झालेली असते. ती झालेली असते नीरेच्या पुलाच्या आधी. म्हणून वाईपर्यंत शेजाऱ्याशी पूर्ण वाक्यात बोलता येईल एवढाच जोर लावा. धाप लागून शब्द तुटायला लागले की गिअर हलका करा, मग कोणी पुढे जाईना का.

सिंहगड न थांबता चढलो, मग पसरणीचे काय, असे बरेच जण विचारतात. सिंहगड पसरणीपेक्षा उभा आहे हे खरे. पण सिंहगडाच्या पायथ्याला तुम्ही ताजेतवाने पोचता. पसरणीच्या पायथ्याला पोचता तेव्हा पायांत पंचाऐंशी-नव्वद किलोमीटर मुरलेले असतात आणि डोक्यावर ऊन आलेले असते. तयारी करायचीच तर सत्तर-ऐंशी किलोमीटर फिरून झाल्यावर शेवटी सिंहगड चढा. ते जमले तर निर्धास्त या.

गिअरबद्दल

वाई समुद्रसपाटीपासून सातशे मीटरच्या थोडी वर आहे, पाचगणी तेराशेच्या आसपास. मधले अंतर साधारण १२ किलोमीटर. म्हणजे सरासरी चढ पाच टक्क्यांच्या जवळपास. भिंतीसारखा कुठेच नाही, पण सुटका अशी कुठेच नाही. इथे ताकदीपेक्षा पेडलच्या फेऱ्या महत्त्वाच्या. पुढची लहान चकती ३४ दातांची आणि मागची सर्वांत मोठीही ३४ची असेल, तर मिनिटाला ६० फेऱ्यांवर ताशी साडेसात किलोमीटरचा वेग मिळतो. मागे २८च असेल, तर त्याच वेगाला फेऱ्या पन्नासवर येतात. प्रत्येक फेरी जड होते, गुडघा कुरकुरतो आणि मांडीत गोळा येतो. आमच्या भाड्याच्या सायकलींना म्हणूनच मागे ३४ दातांपर्यंतची कॅसेट (मागच्या चकत्यांचा संच) आहे. स्वतःची सायकल आणणार असाल तर आधी दुकानात दाखवा. मोठी कॅसेट टाकली की बहुतेकदा चेनही लांब लागते, काही सायकलींना मागचा डिरेल्युअर, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भागही बदलावा लागतो. हे काम आदल्या रात्रीचे नव्हे.

घाटाला साधारण दीड तास धरा. पायथ्याचे पसरणी हे शाहीर साबळे यांचे गाव. वर चढताना मागे वळून पाहिले तर कृष्णेचे खोरे आणि धोमचे पाणी दिसते. पाहायचे असेल तर थांबून पाहा; चालत्या सायकलवर मान वळवली की हँडलही वळते, आणि मागून एसटी येत असते. आमची गाडी घाटातल्या दत्त मंदिरापाशी उभी असेल.

खाणेपिणे

भूक लागण्याची वाट पाहू नका. तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदके पोटात जायला हवीत. मध्यम केळ्यात साधारण २५ ग्रॅम असतात. म्हणजे तासाला एक-दोन केळी, किंवा केळे आणि थोडी चिक्की. गाडीत केळी, चिक्की, राजगिऱ्याचे लाडू आणि मीठ-साखर घातलेले लिंबूपाणी असते. वाईत मिसळीचा वास येईल. मोह आवरा, तर्रीवर घाट चढणाऱ्यांचे हाल पाहिले आहेत.

वेळ आणि वाहतूक

कात्रज चौकातून पहाटे साडेचारला निघतो, जुन्या घाटाने. पुढे पांढरा आणि मागे लाल दिवा, अंगात चमकणारे जाकीट आणि हेल्मेट नसेल तर आम्ही निघू देत नाही; यावर वाद घालू नये. महामार्गावर जिथे सेवा रस्ता आहे तिथे तोच घ्या. खंबाटकीच्या जुन्या घाटात ट्रक तुमच्याच वेगाने रखडत असतात. त्यांच्या मागची साखळी धरून चढणारे दिसतील. आमच्या ग्राहकाने धरली तर त्याची सायकल तिथेच गाडीवर चढेल. पैसे परत मिळणार नाहीत.

पाचगणी म्हणजे शेवट नव्हे. अजून १८-१९ किलोमीटर उरतात आणि रस्ता सपाट नाही, सारखा वरखाली करतो. भिलार फाट्याच्या आसपास गाड्यांची गर्दी असते, आणि हिवाळ्यात स्ट्रॉबेरीची दुकाने लक्ष खेचतात. खाऊन घ्या, हरकत नाही, फक्त बसून राहू नका. थंड झालेले पाय वेण्णा तलावापासून बाजारापर्यंतच्या शेवटच्या चढाला साथ देत नाहीत.

परतीला सर्वांनी गाडीतूनच यायचे. थकलेल्या मनगटांनी दुपारच्या गर्दीत पसरणी उतरणे आम्हाला पटत नाही.

जून ते सप्टेंबर ही फेरी बंद असते. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि धुक्यात मागचा लाल दिवा दहा पावलांवरूनही दिसेनासा होतो. पावसातच सायकल चालवायची हौस असेल तर दुकानात बोलू, दुसरा मार्ग सुचवू.

२०० किलोमीटरच्या बीआरएमची (ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या सायकल फेरीची) तयारी म्हणून ही फेरी चालेल का? चालेल. तिथे साडेतेरा तास मिळतात. इथे आठ-नऊ तासांत पोचलात तर ठीक चालले आहे असे समजा.

सायकल आदल्या दिवशी संध्याकाळी सातच्या आत न्यायला या. चालवताना जे बूट घालणार तेच घालून या, कारण सीटची उंची त्यांच्यावरच ठरते. गुडघ्याचे किंवा हृदयाचे काही दुखणे असेल तर तेव्हाच सांगा.