गोळी थांबली, औषध नाही

"आठ दिवस गोळी घेतली नाही. काय झालं? काही नाही!" शेजारचे अण्णा कडक भाकरीवर शेंगाचटणी घेत सांगत होते. ठोके बेताल पडतात म्हणून त्यांना अमिओडारोन चालू आहे, रोज 200 मिलिग्रॅम. गोळी उगाचची आणि सहा महिन्यांनी रक्त तपासणं ही लॅबवाल्याची सोय, असं त्यांचं ठाम मत.

सोलापूरकराला हे गणित खरं तर चटकन कळायला हवं. नळ काही दिवसांआड येतो, तरी घरात पाणी असतंच, कारण आपण ते साठवतो. अमिओडारोनही चरबीत, यकृतात, फुप्फुसांत साठतं. म्हणूनच सुरुवातीला डोस मोठा असतो: आधी हौद भरायचा. बरेच महिने घेतल्यावर याचं अर्धायुष्य (अंगातलं औषध निम्मं व्हायला लागणारा वेळ) सरासरी 50 दिवसांच्या आसपास जातं. म्हणजे आठ दिवसांनी अण्णांच्या अंगात जवळजवळ 90 टक्के औषध शिल्लक! शंभर दिवसांनीही पाव भाग उरतो. त्रास झाला म्हणून गोळी थांबवली, तरी त्रास लगेच थांबत नाही. म्हणून तो लवकर पकडायचा.

आता माझा आवडता भाग. या औषधाच्या वजनात सुमारे 37 टक्के आयोडीन असतं, एका गोळीत 75 मिलिग्रॅम. त्यातलं रोज सहाएक मिलिग्रॅम सुटं होऊन रक्तात येतं. शरीराची गरज किती? 0.15 मिलिग्रॅम. या पुरात कुणाची थायरॉईड मंदावते (टीएसएच, म्हणजे तिला कामाला लावणारा हार्मोन, वाढतो), कुणाची उधळते (टीएसएच तळाला जातो). गंमत म्हणजे उधळलेली थायरॉईड स्वतःच ठोके बिघडवते. मग औषध काम करेना असं वाटतं, आणि दोष असतो भलतीकडेच. मंदावलेल्याचा थकवा तर घरचे वयावर ढकलतात.

अण्णांनी मोबाईलवर काहीतरी वाचून आयोडीनचं मीठ सोडलं, सैंधव आणलं. दिवसभराच्या मिठातून जेमतेम गरजेपुरतंच आयोडीन मिळतं. गोळीसमोर ते काय!

टीएसएचबरोबर यकृताची चाचणी होते. ईसीजीही अधूनमधून निघतो, कारण हे औषध दोन ठोक्यांमधली पेशींची विश्रांती लांबवतं आणि ती अति लांबली तर धोका. कोरडा खोकला किंवा धाप लागली तर सोलापूरच्या धुळीला बोल न लावता डॉक्टरांना सांगायचं, फुप्फुसं तपासायची. रक्त पातळ ठेवणारं वॉरफेरिन चालू असेल तर आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचं माप) वाढतो, वॉरफेरिनचा डोस बदलावा लागतो. कातडीही उन्हाला हळवी होते, आणि आपल्याकडे एप्रिल म्हणजे काय ते सांगायला नको.

अण्णांनी आज डॉक्टरांना फोन करून आठ दिवसांचा खाडा सांगितला. उद्या सकाळी रक्त द्यायचंय. सैंधवाचं पाकीट अजून फडताळात आहे, ते घरात कुणालाच आवडलेलं नाही.