काळाने जुने आणि वापराने गुळगुळीत: ‘आउटडेटेड’ व ‘क्लिशे’

‘मातीतली कुस्ती आता क्लिशे झाली आहे.’ या धाटणीचे वाक्य कोल्हापुरात विद्यार्थ्यांच्या निबंधांत आणि स्मरणिकांतल्या लेखांत वारंवार वाचावे लागते आणि प्रत्येक वेळी ते तितकेच खटकते. लिहिणाऱ्याला म्हणायचे असते की मॅटवरच्या कुस्तीपुढे मातीतल्या कुस्तीचा काळ सरला. हे मत मला मुळीच मान्य नाही; पण ते मांडायचेच असेल तर त्यासाठी इंग्रजीत ‘आउटडेटेड’ हा सरळ शब्द आहे. ‘क्लिशे’चा काळ सरण्याशी काहीही संबंध नाही.

‘आउटडेटेड’ बहुतेकांना नीट कळतो, तेव्हा त्यावर फार वेळ घालवत नाही. काळ पुढे गेला आणि गोष्ट मागे राहिली, एवढाच त्याचा अर्थ. ‘ओल्ड-फॅशन्ड’ त्याहून सौम्य असून त्यात कधी कधी आपुलकीही असते, तर ‘ऑब्सलीट’ म्हणजे वापरातूनच गेलेले. ‘व्हिंटेज’ आणि ‘अँटिक’ हे कौतुकाचे शब्द आहेत आणि भारतात १९७२ च्या पुरावशेषविषयक कायद्याने बहुतेक वस्तूंसाठी शंभर वर्षांची अट घातलेली असल्यामुळे आजोबांच्या घड्याळाला उठसूट ‘अँटिक’ म्हणू नये.

खरी अडचण ‘क्लिशे’ची आहे. हा फ्रेंच छापखान्यातला शब्द. जुळवलेल्या मजकुराचा ठसा घेऊन ओतलेल्या धातूच्या पत्र्याला क्लिशे म्हणत आणि त्यावरून तोच मजकूर हवा तितक्या वेळा छापता येई. पुढे पुन्हा पुन्हा वापरून गुळगुळीत झालेल्या शब्दप्रयोगाला हे नाव मिळाले. म्हणजे दोष वयाचा नाही, पुनरावृत्तीचा आहे. ‘गेम चेंजर’ हा प्रयोग वयाने लहान असूनही त्याचा चावून चोथा झाला आहे. उलट रेडिओला ‘वायरलेस’ म्हणणे निश्चित जुनाट वाटते, पण त्याला क्लिशे कोणी म्हणणार नाही.

यातून निघणारी गोष्ट सर्वाधिक निसटते: क्लिशे होते ती अभिव्यक्ती, म्हणजे वाक्प्रचार, प्रतिमा, कथानकातले वळण, छायाचित्राची चौकट, वस्तू स्वतः क्लिशे होत नाही. राजर्षी शाहू महाराजांनी उभारलेले खासबाग मैदान जुने आहे, त्यात खेळली जाणारी कुस्ती त्याहून कितीतरी जुनी आहे आणि दोन्ही जिवंत आहेत. क्लिशे आहे ते ‘लाल मातीतला रांगडा गडी’ हे शब्द, जे कोणत्याही मल्लाच्या बातमीत डोळे मिटून टाकता येतात आणि त्या विशिष्ट मल्लाने कोणता डाव कसा टाकला याविषयी काहीच सांगत नाहीत. कोल्हापुरी चपलेचेही तेच आहे. कातड्याची वेणी घातलेली चप्पल क्लिशे नव्हे. विचारवंत दाखवायचा म्हटले की कुर्ता, झोळी आणि तीच चप्पल हे दृश्य मात्र पुरते क्लिशे आहे.

आणखी एक अट आहे आणि ती मला फार महत्त्वाची वाटते. जे आज क्लिशे आहे, त्याने कधीतरी वाचणाऱ्याला चमकवलेले असते. ज्याने परिणाम साधण्याचा दावाच कधी केला नाही, ते कितीही वेळा आले तरी क्लिशे होत नाही. पत्राच्या आरंभीचे ‘सा. न. वि. वि.’ किंवा इंग्रजी पत्राच्या शेवटचे ‘युअर्स फेथफुली’ हे उपचार आहेत. ‘डू द नीडफुल’ला हसणाऱ्यांनीही हे ध्यानात घ्यावे: इंग्लंडमध्ये तो जुनाट वाटतो, आपल्या कचेऱ्यांत रोज चालतो, पण क्लिशे तो इथेही नाही आणि तिथेही नाही.

दोन्ही शब्द एकाच कलाकृतीला लावून पाहावेत, म्हणजे फरक उघड होतो. बाबूराव पेंटर यांनी १९२५ साली महाराष्ट्र फिल्म कंपनीतर्फे इथे कोल्हापुरात ‘सावकारी पाश’ हा मूकपट काढला. मूकपटाचे तंत्र आज कालबाह्य आहे, हे निर्विवाद. पण पौराणिक कथांची चलती असताना सावकाराच्या तावडीत जमीन गमावणारा शेतकरी पडद्यावर आणणे हे अस्सल नवे पाऊल होते. पुढच्या दशकांत दुष्ट सावकार, त्याची वही आणि अंगठा उठवणारा बाप इतक्या चित्रपटांत आले की ते क्लिशे झाले. म्हणून या मूकपटाच्या तंत्राला ‘आउटडेटेड’ म्हणता येईल, त्याच्या सावकाराला ‘क्लिशे’ म्हणणे हा अन्याय आहे. आणि उद्या कोणी अद्ययावत कॅमेऱ्याने तोच सावकार जसाच्या तसा दाखवला, तर तो चित्रपट ‘आउटडेटेड’ नसूनही क्लिशेंनी भरलेला असेल.

बाकीचे शब्द किरकोळ आहेत. ‘हॅकनीड’ हा भाड्याने दिल्या जाणाऱ्या घोड्यावरून आला आणि ‘ट्राइट’ हा झिजण्याच्या लॅटिन क्रियापदावरून. दोन्ही ‘क्लिशे’च्या बाजूचे. ‘डेरिव्हेटिव्ह’ मात्र वेगळा ठेवावा, कारण त्यात कोणा विशिष्ट लेखकाची किंवा कलाकृतीची उसनवारी ओळखू येते, तर क्लिशेचा मूळ मालक कोण हे कोणाला आठवतही नाही. आणि ‘क्लिशे’ हे नाम आहे. ‘ही कथा खूप क्लिशे आहे’ असे बोलताना चालत असेल, पण लिहिताना ‘क्लिशेड’ किंवा सरळ ‘गुळगुळीत’ लिहावे. मला तरी ‘गुळगुळीत’ हाच शब्द अधिक आवडतो.